एकदा लिहा, कुठेही चालवा. पण पोचवायचं कुणी?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ तेवढी काढलीय, बाकी जसंच्या तसं.)

तुमच्यापैकी बहुतेक जण हा भाग फोनवर ऐकताय. ज्या अ‍ॅपवर ऐकताय ते फोनमध्ये कसं आलं, आठवतंय? स्टोअर उघडलं, नाव शोधलं, बटण दाबलं, झालं. ते चालायला आत अजून काय काय लागतं, कुठल्या आवृत्तीचं लागतं, ते फोनमध्ये आधीपासून आहे का, यातला एकही प्रश्न तुमच्यापर्यंत आला नाही.

आता कॉम्प्युटरची गोष्ट बघा. एका माणसानं प्रोग्रॅम लिहिला. तो विंडोजवर चालायला हवा, मॅकवर हवा, लिनक्सवर हवा. लिहून झाला, त्याच्या टेबलावर तिन्हीकडे चालतोय. आता तो लोकांच्या कॉम्प्युटरवर पोचवायचा कसा? सॉफ्टवेअरवाले याला डिप्लॉयमेंट म्हणतात. ऐकायला किरकोळ काम वाटतं. माल तयार आहे, टेम्पोत भरायचा आणि पाठवायचा, त्यात काय एवढं! पण याच किरकोळ कामानं एका चांगल्या तंत्रज्ञानाला डेस्कटॉपवरून हद्दपार केलं, दोन बड्या कंपन्यांना सात वर्षांत दोनदा कोर्टात उभं केलं, आणि आपल्याकडच्या कंत्राटदारांना कॉफीच्या कपाचं एक छोटंसं चित्र बघून धडकी भरायला लावली.

सगळं भांडण खरं तर एका प्रश्नाचं आहे. प्रवासाला निघताना शिदोरी सोबत घ्यायची, की वाटेत खानावळ मिळेल या भरवशावर निघायचं?

उलगडून सांगतो. तीन वेगळ्या प्रकारच्या कॉम्प्युटरवर एकच प्रोग्रॅम चालवायचा, तर मध्ये एक दुभाषा लागतो. प्रोग्रॅम दुभाष्याशी बोलतो, दुभाषा त्या-त्या मशीनशी बोलतो. या दुभाष्याला म्हणायचं रनटाइम. हा रनटाइम आकारानं मोठा असतो, बरेचदा तुमच्या प्रोग्रॅमपेक्षा कितीतरी मोठा. मग तो आणायचा कुणी? प्रत्येक प्रोग्रॅमनं आपापला रनटाइम सोबत आणला, तर ती झाली शिदोरी. ओझं होतं, पण उपाशी राहायची भीती नाही. आणि कॉम्प्युटरवर एकच रनटाइम आधीपासून बसवलेला आहे, सगळे प्रोग्रॅम त्याच्यावर चालतायत, तर ती खानावळ. हलक्या हातानं निघता येतं. पण पोचल्यावर खानावळ बंद असली, मालक बदललेला असला, किंवा अन्नातून विषबाधा झाली, तर?

ही तिन्ही संकटं आली. तिघांची नावं-गावं आहेत. ऐका.

सन मायक्रोसिस्टिम्स ही कॅलिफोर्नियातली कंपनी. १९८२ मध्ये चौघांनी काढली. त्यातले एक विनोद खोसला, जन्म पुण्याचा. (पुणेकरांनी छाती फुगवायला हरकत नाही, पण बेतानं. ते वाढले दिल्लीत, आणि आपल्या गोष्टीला सुरुवात व्हायच्या कितीतरी आधी सनमधून बाहेरही पडले होते.) या सनमध्ये १९९१ साली एका छोट्या गटानं ‘ग्रीन प्रोजेक्ट’ हाती घेतला. टीव्हीचा डबा, रिमोट असल्या घरगुती वस्तूंसाठी सॉफ्टवेअर बनवायचं होतं. आता अशा वस्तूंमध्ये चिप एकसारखी नसते. आज या कंपनीची, उद्या स्वस्त मिळाली म्हणून त्या कंपनीची. प्रत्येक चिपसाठी प्रोग्रॅम नव्यानं तयार करत बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून जेम्स गॉस्लिंग या इंजिनिअरनं एक भाषा बनवली. त्याच्या ऑफिसच्या खिडकीबाहेर ओकचं झाड होतं, म्हणून तिचं नाव ठेवलं ओक. पुढे कळलं की हे नाव दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलंय. मग नाव पडलं जावा, कॉफीवरून.

या भाषेतला प्रोग्रॅम कुठल्याच खऱ्या चिपसाठी तयार होत नाही. तो तयार होतो एका काल्पनिक मशीनसाठी. आणि प्रत्येक खऱ्या कॉम्प्युटरवर त्या काल्पनिक मशीनचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम बसवायचा, त्याचं नाव व्हर्च्युअल मशीन. हाच आपला दुभाषा.

टीव्हीवाल्यांनी हे घेतलं नाही. पण तेवढ्यात इंटरनेट आलं. २३ मे १९९५ ला सॅन फ्रान्सिस्कोत सननं जावाची घोषणा केली, आणि त्याच व्यासपीठावरून नेटस्केपच्या मार्क अँड्रीसननं सांगितलं की आमच्या ब्राउझरमध्ये जावा असेल. नेटस्केप म्हणजे त्या काळचं क्रोम समजा. वेबपानं तेव्हा छापील कागदासारखी निपचित पडलेली असायची. आता त्या पानात चालता-बोलता प्रोग्रॅम घालता येणार होता. त्याला म्हणायचं अ‍ॅपलेट. पान उघडलं की प्रोग्रॅम आपोआप येतो, चालतो, पान बंद केलं की गायब. इन्स्टॉल वगैरे भानगडच नाही!

सनची घोषणा होती, एकदा लिहा आणि कुठेही चालवा. लोक भारावून गेले, आणि का नाही जाणार? ऑफिसातला प्रत्येक प्रोग्रॅम असाच जाळ्यावरून येईल, विंडोजची गरजच उरणार नाही, असं बोललं जायला लागलं. कोरेल कंपनीनं तर आपलं अख्खं ऑफिस पॅकेज जावात लिहायला घेतलं. १९९७ मध्ये ते गुंडाळलं. फार संथ चालायचं.

सननं खानावळच का निवडली, हे त्या काळात जाऊन बघायला पाहिजे, नाहीतर आपण उगाच त्यांना नावं ठेवू. १९९५ म्हणजे आपल्याकडे ज्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं मुंबईसारख्या मोजक्या शहरांत सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं, ते वर्ष. फोनच्या वायरीतून जाणारं, मोडेमच्या किंकाळ्यांचं इंटरनेट. पुढे ५६ केचे मोडेम आले तरी सेकंदाला जेमतेम ५ केबी पदरात पडायचे. १० एमबीचा रनटाइम उतरवायचा म्हणजे अर्धा तास फोन अडकून पडणार, त्यात मध्येच आत्याचा फोन आला की पुन्हा पहिल्यापासून. हार्ड डिस्क १ जीबीची असली तर चैन. अशा वेळी प्रत्येक प्रोग्रॅमनं आपापली शिदोरी आणायची, हे कुणी सुचवलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. एकदाच आणा, सगळ्यांनी वापरा, हेच शहाणपणाचं होतं. तेव्हाचं शहाणपण, बरं का.

फक्त एक गोष्ट त्यात गृहीत धरलेली होती. खानावळ सगळीकडे असेल, आणि सगळीकडे तेच जेवण मिळेल.

आता ९० टक्क्यांहून जास्त पीसींवर होतं विंडोज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं राज्य. मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये सनकडून जावाचा परवाना घेतला आणि इंटरनेट एक्सप्लोररसोबत स्वतःचा दुभाषा द्यायला सुरुवात केली. तो झकास होता, सनच्या दुभाष्यापेक्षा वेगवान. पण त्यात त्यांनी काही खास विंडोजच्या सोयी घातल्या आणि सननं ठरवलेल्या काही गोष्टी गाळल्या. म्हणजे त्या सोयी वापरून लिहिलेला जावा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालणार. ‘कुठेही चालवा’ गेलं की नाही वाऱ्यावर? ऑक्टोबर १९९७ मध्ये सननं मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. जानेवारी २००१ मध्ये तडजोड झाली, मायक्रोसॉफ्टनं २ कोटी डॉलर मोजले.

आणि मग मायक्रोसॉफ्टनं काय केलं? त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज एक्सपी आलं, त्यात जावा नव्हतंच! हवं असेल तर वेगळं उतरवून घ्या. जिंकलेल्या खटल्याचं हे फळ. सन पुन्हा कोर्टात गेली, या वेळी मक्तेदारीच्या कायद्याखाली. डिसेंबर २००२ मध्ये बाल्टिमोरच्या न्यायाधीशांनी मायक्रोसॉफ्टला हुकूम दिला की विंडोजसोबत सनचं जावा द्या. विचार करा, कुठला प्रोग्रॅम कुणाच्या कॉम्प्युटरवर आधीपासून असावा, हे न्यायाधीश ठरवतायत. जून २००३ मध्ये वरच्या कोर्टानं तो हुकूम रद्द केला. शेवटी एप्रिल २००४ मध्ये सगळी भांडणं मिटवायला मायक्रोसॉफ्टनं सनला जवळपास २ अब्ज डॉलर देऊ केले.

माझ्या मते सनची खरी हार पैशात नव्हती, आणि तंत्रातही नव्हती. दुसऱ्याच्या घरात आपली खानावळ चालवायची, आणि घरमालक आपलाच स्पर्धक, ही ती हार. कोर्टात जिंकून जागा मिळत नाही.

या सगळ्या धुमश्चक्रीत २००१ मध्ये सननं एक गोष्ट बाजारात आणली, जिच्याबद्दल मला आजही हळहळ वाटते. जावा वेब स्टार्ट. अ‍ॅपलेट ब्राउझरच्या चौकटीत अडकलेलं असायचं. वेब स्टार्टनं ती चौकट काढली. वेबपानावरची एक लिंक दाबा, पूर्ण प्रोग्रॅम उतरतो, स्वतःच्या खिडकीत चालतो, हवं तर डेस्कटॉपवर चिन्ह ठेवतो. पुढच्या वेळी उघडला की स्वतःच बघतो, नवी आवृत्ती आली आहे का, असेल तर तेवढा बदललेला भाग घेतो. नेट नसलं तरी चालतो. अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या फाइलींना हात लावू देत नाही. एक दाबणं, आपोआप अपडेट, परवानगीची भिंत. ओळखीचं वाटतंय ना? तुमच्या फोनच्या स्टोअरमधल्या कितीतरी गोष्टी इथे २००१ मध्ये होत्या.

अडचण एकच. लिंक दाबण्याआधी कॉम्प्युटरवर जावा असायला हवं. नसेल तर आधी जावाच्या साइटवर जा, रनटाइम उतरवा, बसवा, ब्राउझर पुन्हा सुरू करा, मग परत या. परत यायचे ते किती जण?

त्यात आवृत्त्यांचा घोळ. या प्रोग्रॅमला जावा १.४ लागतं, त्याला ५ लागतं, तिसऱ्याला नेमकं ६ ची अमुक अपडेट. नवी आवृत्ती टाकली की जुना प्रोग्रॅम रुसायचा. म्हणून नवी टाकताना जुनी तशीच ठेवली जायची. एकेका कॉम्प्युटरवर तीन-तीन, चार-चार जावा नांदायला लागले. यातून पुढे काय महाभारत घडलं ते सांगतोच.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली. जावाच्या इन्स्टॉलरवर तेव्हा अभिमानानं लिहिलेलं असायचं की ३ अब्ज उपकरणांवर जावा चालतं. चोरांनीही ते वाचलं असणार. ज्या खानावळीत सगळं गाव जेवतं तिथे विष कालवलं की एका दमात सगळं गाव आजारी. ब्राउझरमधलं जावा प्लगइन नेमकं तसं होतं.

पहिला दणका बसला मॅकला. मॅकला व्हायरस लागत नाही अशी तेव्हा अनेकांची ठाम समजूत होती. मॅकवरचं जावा ओरॅकल थेट देत नसे, अ‍ॅपल आपल्या हातानं तयार करून देत असे. फेब्रुवारी २०१२ मध्ये ओरॅकलनं जावातलं एक भोक बुजवलं. अ‍ॅपलनं तीच दुरुस्ती मॅकवर आणली एप्रिलमध्ये. मधल्या काळात ‘फ्लॅशबॅक’ नावाचा ट्रोजन त्या भोकातून घुसला. काही टाका, काही उघडा असं नव्हतं, नुसतं वेबपान उघडलं तरी पुरे. डॉक्टर वेब या रशियन अँटिव्हायरस कंपनीचा अंदाज होता, साधारण ६ लाख मॅकना लागण. दुरुस्ती तयार होती मंडळी! पोचली नव्हती.

जानेवारी २०१३ मध्ये आणखी एक भोक सापडलं आणि अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानं लोकांना सरळ सांगितलं, ब्राउझरमधलं जावा बंद करा. पुढच्याच महिन्यात फेसबुक आणि अ‍ॅपल, दोघांनी कबूल केलं की आमच्या कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये घुसखोरी झाली, आणि ती जावा प्लगइनमधूनच. जे दुनियेला सॉफ्टवेअर विकतात त्यांची ही गत, तर तुमच्या-आमच्या घरच्या पीसीचं काय!

लोकांना वाटायचं, अपडेट करतोय ना, मग आपण सुरक्षित. ते पिवळट चिन्ह वर यायचं, आपण हो म्हणायचो. (घाईत एक खूण काढायची राहिली तर सोबत आस्क टूलबारही फुकटात घरी यायचा. तो काढता काढता नाकी नऊ येत.) पण अपडेट जुन्या आवृत्त्या काढतच नव्हतं. नवं कुलूप लावलेलं दार समोर, आणि मागचं जुनं दार सताड उघडं. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं याच मुद्द्यावर ओरॅकलवर आरोप ठेवले. ८५ कोटींहून जास्त पीसींवर जावा आहे, आणि तुम्ही लोकांना सांगताय की अपडेट केलं की सुरक्षित, तर ते खरं नाही. ओरॅकलनं तडजोड केली. जुन्या आवृत्त्या आहेत का ते दाखवणं आणि काढायची सोय देणं तिला भाग पडलं.

आता जरा आपल्याकडे येऊ, कारण या सगळ्याची झळ महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सायबर कॅफेपर्यंत आली.

सरकारी टेंडर ऑनलाइन भरायचं तर डिजिटल सही लागते. ती असते एका यूएसबी टोकनमध्ये, पेन ड्राइव्हसारखं दिसणारं. अडचण अशी की ब्राउझर वेबपानाला त्या टोकनला हात लावू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग पानावरून टोकनपर्यंत जाणार कोण? जावा अ‍ॅपलेट. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं, बनवलेली ई-निविदा प्रणाली याच वाटेनं जायची, आणि महाराष्ट्राचं महाटेंडर्स त्याच प्रणालीवर आहे. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायलाही तेव्हा दोन पर्याय असायचे, एक एक्सेलचा आणि एक जावाचा.

जानेवारी २०१४ मध्ये ओरॅकलनं जावा कडक केलं. ओळखीच्या संस्थेची मोहोर नसलेली अ‍ॅपलेट चालणारच नाहीत. निर्णय योग्य होता. पण टेंडरची मुदत दुपारी ३ ची, पावणेतीन वाजलेत, आणि पडद्यावर लाल अक्षरात येतंय की सुरक्षेसाठी हे अ‍ॅप्लिकेशन अडवलं आहे! मग सूचनांच्या पीडीएफ निघाल्या. कंट्रोल पॅनेलमध्ये जा, जावा उघडा, सिक्युरिटी, अपवादांच्या यादीत साइटचा पत्ता घाला, ब्राउझर बंद करून परत उघडा. हे करून देणारी पोरं तालुक्याच्या गावी तयार झाली, ‘डीएससी सेटिंग करून मिळेल’ अशा पाट्या लागल्या. त्या पोरांच्या हातात कला होती, यात वाद नाही. पण ज्या माणसाचा धंदा रस्ते बांधायचा, त्याला आपल्या मशीनवर जावाची कुठली आवृत्ती आहे हे माहीत असावं, ही अपेक्षा कुणाची? सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं ओझं असं वापरणाऱ्याच्या डोक्यावर गेलं होतं, आणि ज्याला ते पेललं नाही त्याला लोक ‘कॉम्प्युटर येत नाही’ म्हणत होते.

शेवट झटपट झाला. क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये असल्या प्लगइनचा दरवाजाच काढून टाकला, फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये. सप्टेंबर २०१८ मध्ये जावा ११ आलं, त्यातून अ‍ॅपलेटही गेलं आणि वेब स्टार्टही. आणि सामान्य माणसानं उतरवून बसवायचा तो वेगळा रनटाइम, तोही ओरॅकलनं ११ पासून बंद केला. तेवीस वर्षांची खानावळ, शटर खाली.

मग जावाचे डेस्कटॉप प्रोग्रॅम मेले का? नाही. त्यांनी शिदोरी बांधली. सप्टेंबर २०१७ च्या जावा ९ मध्येच रनटाइमचे तुकडे करून हवे तेवढेच सोबत घ्यायची सोय आली होती. मार्च २०२१ मध्ये जावा १६ सोबत ‘जेपॅकेज’ नावाचं अवजार पक्कं झालं. ते तुमचा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारा रनटाइम एकत्र बांधून विंडोजसाठी विंडोजचा इन्स्टॉलर, मॅकसाठी मॅकचा, लिनक्ससाठी लिनक्सचा तयार करून देतं. वापरणाऱ्याला आत जावा आहे हे कळतसुद्धा नाही. गंमत म्हणजे ‘एकदा लिहा’ तसंच राहिलं, फक्त बांधायचं तीनदा. मॅकचा इन्स्टॉलर साधारणपणे मॅकवरच बांधावा लागतो, विंडोजचा विंडोजवर.

याचं सगळ्यात नामी उदाहरण तुमच्यातल्या कितीतरी जणांनी खेळलंय. माइनक्राफ्ट! २००९ मध्ये आलं तेव्हा ते जावातलं होतं, ब्राउझरमध्येही चालायचं. पुढे त्याच्या लाँचरनं स्वतःचं जावा सोबत आणायला सुरुवात केली. आज तुम्ही जुनी आवृत्ती निवडली तर लाँचर तिच्यासाठी जुनं जावा घेतो, नवी निवडली तर नवं, आणि दोघांची भांडणं होत नाहीत. आणि हा खेळ २०१४ मध्ये अडीच अब्ज डॉलरला विकत कुणी घेतला? मायक्रोसॉफ्टनं. नियती म्हणतात ती हीच असावी.

पण डेस्कटॉपची गादी तोवर दुसऱ्यानं पटकावली होती. २०१३ मध्ये गिटहब कंपनी अ‍ॅटम नावाचा एडिटर बनवत होती. त्यासाठी त्यांनी युक्ती केली, क्रोमचं इंजिन आणि नोड एकत्र बांधलं, आणि एडिटर वेबपानासारखा लिहिला. त्या बांधणीला २०१५ मध्ये नाव मिळालं इलेक्ट्रॉन. व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड सगळे याच्यावर. २०१६ मध्ये आलेलं व्हॉट्सअ‍ॅपचं डेस्कटॉप रूपही याच्यावरच होतं. अ‍ॅटम स्वतः २०२२ च्या डिसेंबरमध्ये बंद पडलं, पण त्याची चूल सगळ्या गावात पेटलेली आहे.

इलेक्ट्रॉन म्हणजे शिदोरीचा अतिरेक. नुसती पोळी-भाजी नाही, सोबत गॅसची शेगडी, सिलिंडर आणि आचारीसुद्धा. ‘नमस्कार’ एवढंच दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला तरी तो १०० एमबीच्या पुढे जातो, कारण आत अख्खा ब्राउझर आहे. चार प्रोग्रॅम उघडले की चार ब्राउझर. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना पंख्याचा आवाज आठवत असेल. लोक याची फार चेष्टा करतात. मी करणार नाही. इलेक्ट्रॉननं टेंडर भरणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, हे मोठं काम आहे. फक्त ते ओझं नाहीसं झालं नाही, ते तुमच्या रॅमवर गेलं. आणि रॅमचे पैसे कोण भरतं, तुम्ही. ज्याच्याकडे १६ जीबी आहे त्याला हे जाणवत नाही, जुन्या लॅपटॉपवर अभ्यास करणाऱ्या पोरीला जाणवतं.

आणखी एक. शिदोरी नासली तर? सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या एका छोट्या लायब्ररीत मोठं भोक सापडलं. नुसतं मुद्दाम बिघडवलेलं चित्र दाखवून घुसता येईल असं. गूगलनं ११ सप्टेंबरला क्रोम दुरुस्त केलं, ते आपोआप सगळीकडे गेलं. पण इलेक्ट्रॉनवरच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात आपापलं क्रोमचं इंजिन, म्हणजे प्रत्येकात तेच भोक. प्रत्येक कंपनीनं आपापला प्रोग्रॅम नव्यानं बांधून पाठवायचा. मोठ्यांनी पाठवला. ज्या छोट्या प्रोग्रॅमचा मालक दोन वर्षांपासून फिरकलाच नाही, त्याचं काय? फ्लॅशबॅकच्या वेळी सगळ्यांचा जीव एका खानावळवाल्यावर अवलंबून होता. आता तो शंभर घरांतल्या शंभर डब्यांवर.

आणि पोचवण्यात नुसता रनटाइम नसतो, हेही जाता जाता सांगतो. तुम्ही एकट्यानं एखादा प्रोग्रॅम लिहिलात आणि मॅकवाल्यांना दिलात, तर अ‍ॅपलकडे वर्षाला ९९ डॉलर भरून खातं काढावं लागतं, प्रोग्रॅमवर सही करावी लागते, तो अ‍ॅपलकडे तपासायला पाठवावा लागतो. नाहीतर वापरणाऱ्याला असा इशारा येतो की तो घाबरून फाइल कचऱ्यात टाकेल. विंडोजवरही अनोळखी प्रोग्रॅमला निळा पडदा आडवा येतो. फुकट वाटायचा प्रोग्रॅम असला तरी हे चुकत नाही.

तर मग आज नवा डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिणारे काय निवडतायत? इथे चक्र पुन्हा फिरतंय. विंडोज ११ सोबत मायक्रोसॉफ्ट वेबव्ह्यू२ नावाचा एक सामायिक रनटाइम देतं, म्हणजे एज ब्राउझरचं इंजिन, सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून वापरायचं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं टीम्स आधी इलेक्ट्रॉनवर होतं, २०२३ च्या नव्या टीम्समध्ये ते वेबव्ह्यू२ वर आलं. टॉरी नावाचं एक अवजार आहे, त्याची पहिली पक्की आवृत्ती जून २०२२ ची. तेही मशीनवर आधीपासून असलेलंच इंजिन वापरतं, त्यामुळे प्रोग्रॅम काही एमबींत मावतो. म्हणजे खानावळ परत उघडली. फरक इतकाच की या वेळी घरमालकानंच ती चालवायला घेतलीय, ती स्वतःला अपडेट करते आणि जुन्या आवृत्त्या साठवून ठेवत नाही. मॅकवर मात्र टॉरीला सफारीचं इंजिन मिळतं, विंडोजवर एजचं. एकच पान दोन्हीकडे किंचित वेगळं दिसतं, मग प्रोग्रॅम लिहिणारा दोन्हीकडे तपासत बसतो. १९९७ ची आठवण झाली की नाही?

मायक्रोसॉफ्टच्या माहितीपानांवर वेबव्ह्यू२ वापरायचे दोन मार्ग दिलेत. पहिला, मशीनवरचा सामायिक रनटाइम वापरा, तो आम्ही ताजा ठेवू. दुसरा, ठरावीक आवृत्तीचा रनटाइम स्वतःच्या प्रोग्रॅमसोबत बांधून द्या, मग तो ताजा ठेवणं तुमच्याकडे. ज्या कारखान्यांत किंवा प्रयोगशाळेत एकदा तपासून मंजूर झालेलं सॉफ्टवेअर हलवता येत नाही, तिथे दुसरा मार्ग घेतात. बाकीचे बहुतेक पहिला.

घरी विंडोज ११ असलेला कॉम्प्युटर असेल तर आज एक करून बघा. टास्क मॅनेजर उघडा आणि प्रोग्रॅमांच्या यादीत वेबव्ह्यू२ शोधा. किती प्रोग्रॅमांच्या खाली ते सापडतं, आणि कुठले प्रोग्रॅम आपली शिदोरी घेऊन बसलेत, मोजा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.